घट्ट केलेले पाच कॉलम

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यातही चौथीचं वर्ष पुरं केलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी माझ्या लिहिण्यात खुसपटं काढायला नकोत. नातीने ऱ्हस्व-दीर्घ बघून दिलंय, बाकी सगळं माझं आहे.

अंबरनाथला शिवमंदिराकडे रस्ता वळतो, त्याच्या थोडं अलीकडे माझी पत्र्याची शेड होती. बोर्ड लावला नव्हता. गरजच पडली नाही. उल्हासनगरच्या कॅम्पातला ट्रकवाला असो की बदलापूरचा जीपवाला, स्टेअरिंगचं काम निघालं की लोक त्याला माझं ठिकाण सांगायचे. इंजिनवाले मिस्त्री पन्नास होते. स्टेअरिंगवाला मी एकटा. उल्हासनगरात एका सिंधी उस्तादाकडे नऊ वर्षं घासलेली होती, त्यातली पहिली दोन नुसती ग्रीस पुसण्यात गेली. तो म्हणायचा, गाडी बंद पडली तर माणूस घरी चालत जातो, स्टेअरिंग गेलं तर जातच नाही. हे मी डोक्यात पक्कं बसवलं होतं. जरा जास्तच पक्कं, असं आता म्हणावं लागेल.

माझी एक रीत होती. काम झालं की गिऱ्हाइकाला शेजारी उभं करायचं, दार उघडायचं, आत वाकून दोन्ही हातांनी चाक धरायचं आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलून चाकाला लटकायचं. सत्तर-बहात्तर किलोचा मी. चाक, चाकाखालचा दांडा, दांड्याचे नटबोल्ट, काही हलता कामा नये. त्या दांड्याला आम्ही कॉलम म्हणतो. हललं नाही की मी खाली उतरून म्हणायचो, घेऊन जा. लोक खूश व्हायचे. दुसरा कुठलाच मिस्त्री स्वतःच्या कामाला असा लटकत नव्हता.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. तोवर त्या नव्या छोट्या गाड्या आपल्याकडे बऱ्याच दिसायला लागल्या होत्या. बदलापूरला एक डॉक्टरीणबाई होत्या, बाळंतपणाचा दवाखाना चालवायच्या. बदलापुरात स्वतः गाडी चालवणारी दुसरी बाई तेव्हा मी तरी बघितली नव्हती. रात्री-अपरात्री वांगणीपर्यंत एकट्या जायच्या. त्यांची गाडी एका मोरीच्या कठड्यावर आदळली. वेग फार नव्हता. बंपर आणि एक दिवा गेला. बाईंना छातीत थोडा मुका मार बसला, तेवढंच. गाडी त्या स्वतःच चालवत माझ्याकडे घेऊन आल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, बाकी सगळं मी दुसरीकडे करून घेते, पण हे चाक लांब गेल्यासारखं वाटतंय."

मी बघितलं. चाक खरंच चार बोटं आत गेलं होतं. कॉलम खाली उतरवला आणि मला हसू आलं. जीपच्या कॉलमात एकसंध लोखंडी दांडा असतो, अंगठ्याएवढा जाड. इथे एक नळी दुसऱ्या नळीत सरकवलेली, आणि दोन्ही एकमेकींत धरून ठेवायला काय, तर प्लास्टिकच्या खुंट्या. त्या मोडल्या होत्या. वरचं जे कवच असतं त्याला खालच्या बाजूला जाळीसारखी भोकं पाडलेली, आणि ती जाळी चुरगळून तिच्या घड्या पडलेल्या. मी बाईंना दाखवलं. म्हटलं, "बघा, कंपनीने लोखंड वाचवलंय. स्टेअरिंगमध्ये प्लास्टिक घालतात का कुणी?"

दीड दिवस राबलो त्या कामावर. नळ्या ओढून पहिल्या लांबीवर आणल्या. प्लास्टिक खरवडून काढलं. आतल्या दोन्ही नळ्या गोल फिरवत वेल्डिंगने एकजीव केल्या, जाळीवर पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवून तोही दोन्ही टोकांना वेल्ड केला. वर कानसून असा साफ केला की जोड बोटाला लागू नये. गाडीत बसवला आणि बाईंच्या समोर लटकलो. कॉलम ढिम्म.

"आता हा या जन्मात आत जाणार नाही," मी म्हणालो. बाई हसल्या आणि गेल्या.

ही बातमी पसरली. पसरली म्हणजे मीच पसरवली, खोटं कशाला बोलू. ज्याची ती छोटी गाडी दिसेल त्याला सांगायचो, तुमच्या स्टेअरिंगमध्ये प्लास्टिक आहे. पुढच्या वर्षभरात चौघांनी काही बिघडलेलं नसताना गाड्या आणून कॉलम घट्ट करून घेतले. त्यातला एक उल्हासनगरचा प्लायवूडचा शेठ. मोठा बोलघेवडा माणूस, माझ्यापेक्षा चार वर्षांनी थोरला. त्याच्या गाडीला मी लटकलो, तेव्हा त्याने मलाच चाकासकट हलवून बघितलं. मग म्हणाला, "मिस्त्री, तू तर कंपनीचा बाप आहेस." त्या रात्री मला घरी जेवणही गोड लागलं.

बाई पुढे एकदा ब्रेकसाठी आल्या, तेव्हा त्यांच्या हातात गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक होतं. म्हणाल्या, यात असं लिहिलंय की धडक बसली की कॉलम आत जावा म्हणूनच तसा बनवलाय. चालवणाऱ्याच्या छातीवरचा मार तो स्वतःवर घेतो. तुम्ही ते परत तसंच बसवलंत ना?

मला राग आला. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, "बाई, सुई कुठे टोचायची ते मी तुम्हाला सांगतो का?"

त्या बिचाऱ्या ओशाळल्या. पुस्तक पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, बरोबर आहे, तुमचं तुम्हाला कळतं. इतकी शिकलेली बाई, पण माझ्या हातावर विश्वास ठेवून गप्प बसली. त्या वेळी मला तो माझा विजय वाटला.

मग पावसाळा संपता संपता पाइपलाइनच्या रस्त्यावर एक जीप टँकरच्या मागे घुसली. भर दुपारची वेळ. असं काही झालं की गॅस कटर घेऊन मला बोलवायचे, कारण पत्रा कापून माणूस काढायचा तर सरावलेले हात लागतात. हे काम मी आधीही कितीतरी वेळा केलं होतं. त्या दिवशीची जीप माझ्या ओळखीची होती, तिचं स्टेअरिंग मी दोन महिन्यांपूर्वी केलं होतं. ड्रायव्हर पंचविशीचा. चाक आणि सीट यांच्या मधे तो चेपला होता. याहून जास्त मी लिहिणार नाही.

कापताना माझं लक्ष कॉलमकडे गेलं. जीपचं नाक चेपलं होतं, रेडिएटर इंजिनात घुसला होता, बॉनेट पानासारखं दुमडलं होतं. माझा कॉलम मात्र ओळंब्यासारखा सरळ होता. पहिला विचार काय आला असेल? काम चांगलं झालंय, हाच. मी तो विचार केला, हे लपवत नाही. मग पोराला बाहेर काढलं, आणि कटर बंद करून मी रस्त्याच्या कडेला बसलो.

सगळं दबलं होतं, एक तोच दबला नव्हता. समोरून आलेला सगळा जोर त्याने सरळ पुढे पोचवला होता. आणि पुढे होता माणूस. याआधी मी जेवढे ड्रायव्हर कापून काढले होते ते एकेक करून आठवायला लागले. प्रत्येकाचा कॉलम सरळ होता. वीस वर्षं मी ते डोळ्यांनी बघत होतो, आणि दर वेळी मला दिसलं ते फक्त लोखंड.

तरीही पुस्तकावर लगेच विश्वास ठेवणारा मी नव्हे. मला हाताने बघायचं होतं.

दसरा जवळ आला होता. दसऱ्याला शेडीच्या दारात फोडायला मी कोहळे आणून ठेवले होते. आपल्याकडे हत्यारांची, गाड्यांची पूजा झाली की कुंकू भरून कोहळा फोडतात, दृष्ट निघते म्हणून. त्यातले दोन काढले. उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून त्याच छोट्या गाडीचा एक न दबलेला कॉलम आणला. माझ्याकडे जीपचा जुना एक होताच. दोन्ही जाड पत्र्याच्या तळावर उभे बसवले, चाकं वर. इंजिन उचलायच्या कप्पीला पोतं टांगलं, त्यात माझ्या वजनाएवढी वाळू भरली आणि पोत्याच्या बुडाशी कोहळा बांधला. कोहळा म्हणजे छाती, असं धरलं. चाकाच्या वर छातीएवढ्या उंचीवर पोतं थांबवलं आणि कोयत्याने दोर तोडला.

जीपच्या कॉलमवर कोहळ्याचा नुसता चिखल झाला. चाकाचा मधला बोंडा थेट वाळूत घुसला.

दुसऱ्यावर कडकड असा आवाज झाला, प्लास्टिकच्या खुंट्या मोडल्याचा. मग चाक खाली खाली गेलं, जाळीच्या घड्या पडत गेल्या, आणि पोतं त्यावर टेकून राहिलं. सोडून बघितलं तर कोहळ्याला एक तडा होता. फुटला नव्हता. मी तो हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. घरची मंडळी डबा घेऊन आली होती, तिने विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, काही नाही, कोहळा बघतोय. ती म्हणाली, "मग चिरून द्या, भाजी करते."

डबा तसाच ठेवला आणि सायकल काढून बदलापूरला गेलो.

दवाखान्यात बाई नव्हत्या. वांगणीकडे कुणाची तरी अडलेली बाई बघायला गाडी घेऊन गेल्या होत्या. मी बाकावर बसलो. आजूबाजूला सगळ्या पोटुश्या, त्यांच्यात ग्रीसच्या कपड्यांतला मी. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की उठायचो. एका म्हातारीने विचारलं, तुमची सून आत आहे का. मी हो म्हटलं, दुसरं काय सांगणार? वांगणीच्या रस्त्याला मोऱ्या किती, वळणं किती, दगडाचे ट्रक कुठल्या वेळेला निघतात, हे सगळं मला पाठ होतं. नसतं तर बरं झालं असतं. दोन तास बसलो. आयुष्यात माझ्या कामाची मला भीती वाटलेली ती एकच वेळ.

बाई आल्या. गाडी उभी करून बाहेर पडल्या, धडधाकट. मी सरळ पुढे होऊन हात पसरला. "चावी द्या बाई. कॉलम कापून काढायचाय."

"का? तुम्हीच तर घट्ट करून दिलात."

"म्हणूनच."

 त्या हळूच म्हणाल्या, "पुस्तकात होतं तसं?"

"पुस्तकाचं मला ठाऊक नाही. मी कोहळ्यावर बघितलं."

कोहळ्याचं काय ते त्यांना कळलं नसणार, पण चावी दिली. गाडी परत येईपर्यंत रिक्षाने फिरेन म्हणाल्या. माफी मी मागितली नाही. जमलंच नाही. सुईचं बोललो होतो त्याचीही नाही.

आता नवा कॉलम आणायचा कुठून? उल्हासनगरात मिळतो म्हणून गेलो, तर तिथे डुप्लिकेट. हातात घेऊन बघितला, आत सरळ एकसंध दांडा. दुकानदार वर सांगतो, ओरिजिनलपेक्षा मजबूत आहे. माझेच शब्द मला ऐकवत होता. मी मुंबईहून खरे पाच मागवले. गिऱ्हाइकांना एक पैसाही मागितला नाही, आणि त्याबद्दल अधिक बोलतही नाही.

बाईंची गाडी झाली. आणखी तिघांना बोलावून घेतलं. त्यांना मी काय सांगितलं? कंपनीचा सुधारलेला पार्ट आलाय, मी फुकट बसवून देतो. तिघेही आनंदाने गाड्या सोडून गेले. माझी शान शाबूत राहिली आणि कामही झालं. चौथ्या कॉलमपर्यंत मला वाटत होतं, हे असंच निभावून नेता येईल.

राहिला शेठ. त्याला तीन वेळा निरोप धाडला. आला नाही. शेवटी मी त्याच्या दुकानात गेलो आणि सुधारलेल्या पार्टचं सुरू केलं. शेठ जन्मभर दुकानदारी केलेला. त्याने प्लायवूडच्या थप्पीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मिस्त्री, ये नया माल का डायलॉग मैं रोज बोलता हूँ. मला नको शिकवू." गाडी द्यायला तयारच नाही. त्याचा थोरला मुलगा तीच गाडी घेऊन दर आठवड्याला नाशिकला जायचा. घाटाने. मला त्या घाटाशिवाय दुसरं काही सुचेना.

दसरा उजाडला. त्या दिवशी सगळी जुनी गिऱ्हाइकं गाड्या घेऊन माझ्या शेडीवर पूजेला यायची, ही पहिल्यापासूनची पद्धत. झेंडूचे हार, गाड्यांना कुंकवाची बोटं, पेढे. हत्यारं धुऊन पाटावर मांडलेली. बाईही आल्या होत्या. अकराच्या सुमाराला शेठची गाडी आली, शेठ आणि मुलगा दोघे.

सगळ्या गाड्यांना हार घातला, शेठच्या गाडीला घातला नाही. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, आधी कोहळा फोडू, मग बघू. पोतं आधीच टांगून ठेवलं होतं. त्याच्याखाली बाईंच्या गाडीतून काढलेला माझा कॉलम उभा केला होता, तो घट्ट केलेला, पाइपवाला. कुंकू भरलेला कोहळा पोत्याला बांधला आणि दोर तोडला. दरवर्षी कोहळा जमिनीवर फोडायचो, त्या वर्षी माझ्या कामावर फोडला. लाल पाणी पार शेठच्या चपलेपर्यंत गेलं. कॉलमला पोचाही आला नव्हता.

मी म्हटलं, शेठ, तुमच्या गाडीत हाच आहे.

"पण मी काय कोहळा आहे?" शेठ म्हणाला. दोघे-तिघे हसले. तो हसला नाही. "तू छातीवर हात मारून बोलला होतास, कधी मोडणार नाही. आज बोलतोस, न मोडणं खराब. त्यातला कुठला मिस्त्री खरा मानू? एक बोल."

सगळे बघत होते. तीस-पस्तीस माणसं असतील. ट्रकवाले, जीपवाले, ज्यांच्यासमोर मी इतकी वर्षं लटकलो होतो ते सगळे. ज्या तिघांना सुधारलेला पार्ट म्हणून सांगितलं होतं तेही तिथेच. घरची मंडळी आरतीचं ताट घेऊन उभी. मी शेठच्या मुलाकडे बघितलं. जीपमधल्या ड्रायव्हरच्या वयाचा होता. चावीची रिंग बोटात फिरवत होता.

"आजचा खरा," मी म्हणालो. "तेव्हाचा चुकला होता. मला कळत नव्हतं आणि मी कळतं म्हणून सांगितलं. या बाईंनी वाचून दाखवलं होतं, तर यांनाच गप्प बसवलं. पाचही गाड्या मीच बिघडवल्या. कंपनीचा सुधारलेला पार्ट वगैरे काही नव्हतं."

 घरच्या मंडळीने आरतीचं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात मी चुकलो हा शब्द तिने माझ्या तोंडून ऐकलेला नव्हता.

शेठने मुलाच्या बोटातून रिंग काढून घेतली आणि माझ्या हातावर ठेवली. "इतना बोलने को पंद्रह दिन लगाया," म्हणाला. "दुकानात बोलला असतास तर तिथेच दिली असती." मग मुलाला म्हणाला, "चल, रिक्षा पकड." जाताना पेढा मात्र विसरला नाही. दोन घेतले.

बाई सगळ्यांत शेवटी गेल्या. गाडीत बसता बसता त्यांनी मला विचारलं, आता सुई कुठे टोचायची ते तुम्ही सांगणार का? मी म्हटलं, विचाराल तर सांगेन. तेवढ्यावर आमचं मिटलं.

पूजेची हत्यारं त्या दिवशी उचलायची नसतात, म्हणून शेठची गाडी रात्रभर शेडीत राहिली. हार मी स्वतः घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलम उतरवला. नवा बसवला. त्याला हाताने हलवून बघितलं, चारी बाजूंनी, पण लटकलो नाही. चांगला कॉलम माझ्या वजनाने मोडेल असं नाही, पण ती रीत मी त्या दिवशी सोडली. लोकांनी पुढे कितीदा विचारलं, मिस्त्री, लटकून दाखव ना. मी म्हणायचो, ट्रकला लटकेन, या गाडीला नाही, आणि का ते समजावून सांगायचो. काही जण समजून घ्यायचे. काही दुसरीकडे जाऊन घट्ट करून घ्यायचे. त्यांना मी अडवू शकलो नाही.

त्या पाच गाड्यांचं पुढे काय झालं, कुणाला धडक बसली की नाही, ते मला माहीत नाही. शेठचा मुलगा परवापर्यंत दुकानात बसायचा, पोट सुटलेला, नातवंडं असलेला. एवढं पुरे आहे मला.

शेठचा जुना कॉलम मात्र तसाच भंगारात द्यायला मन धजेना. कुणी उचलून दुसऱ्या गाडीत घातला तर? म्हणून पाचही कापायला बसलो, करवतीने, जोडावरच. पहिल्या चारांना सकाळ गेली. शेठच्या कॉलमवर तीन पाती मोडली. असा जोड बसला होता की नळी कापली जात होती पण वेल्डिंग हटत नव्हतं. घाम पुसत मी त्याच्याकडे बघत होतो. चूक होती, ती मी तीस-पस्तीस माणसांत कबूल केली आहे. पण अंबरनाथ ते बदलापूर तसं वेल्डिंग करणारा दुसरा माणूस तेव्हा नव्हता, आणि हे मी आजही कुणासमोरही सांगेन.